एनटीपी असताना पीटीपी कशाला, आणि ब्रेकर रिलेच्या आधी कसा उघडला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. वीज उपकेंद्रात उपकरणांची घड्याळं नेटवर्कवरून मिलिसेकंदांपर्यंत जुळवणारा एनटीपी सर्व्हर नीट चालतोय, तरी सल्लागार मायक्रोसेकंदापर्यंत जुळवणारा पीटीपी घ्या आणि त्यासाठी नेटवर्कचे सगळे स्विच बदला म्हणतो, हा एक. आणि परवाच्या ट्रिपिंगच्या लॉगमध्ये लाइन तोडणारा ब्रेकर आधी उघडला, त्याला तसा हुकूम देणाऱ्या रिलेची ट्रिप नंतर आली, हा दुसरा. दुसरा आधी घेतो, कारण तो फुकटात सुटण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या कुठल्या रिलेने ट्रिप दिली नसेल आणि कुणी ब्रेकर हाताने उघडला नसेल, तर असं घडणं शक्य नाही. मग लोक थेट घड्याळावर घसरतात. मीही घसरलो होतो. अशाच एका फीडरपायी केबल बदलली, जीपीएसची अँटेना हलवली, दोन दिवस घालवले. घड्याळं सगळी बरोबर निघाली. ब्रेकरची स्थिती बे कंट्रोल युनिट (त्या फीडरचं नियंत्रण करणारं उपकरण) स्वतःच्या वेळेच्या शिक्क्यासह पाठवत होतं. रिलेची ट्रिप मात्र गेटवे (माहिती गोळा करून पुढे पाठवणारं उपकरण) मॉडबस प्रोटोकॉलवरून पोल करून, म्हणजे फेरीफेरीने विचारून, आणत होता, आणि मॉडबसच्या निरोपात मुळात वेळच नसते. शिक्का बसत होता तो गेटवेत निरोप पोहोचल्यावर, पोलिंगची फेरी पूर्ण झाली की. तेव्हा आधी प्रत्येक सिग्नलचा शिक्का नेमका कुठे बसतो ते कागदावर लिहून काढा. मग डिजिटल इनपुटचा डिबाउन्स, म्हणजे संपर्काची थरथर गाळणारा फिल्टर, बघा. फिल्टर १० मिलिसेकंदांचा असेल तर काही उपकरणं तो सुरू झाल्याची वेळ लिहितात, काही संपल्याची. एवढ्यानेही क्रम उलटा होतो.

लॉगमध्ये बरोबर १८ किंवा ३७ सेकंदांचा फरक दिसला तर मात्र डोकं खाजवू नका. जीपीएसची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे आणि पीटीपी ज्या टीएआय या अणुघड्याळांच्या वेळेवर चालतो ती ३७ सेकंद पुढे. मधल्या कुठल्या तरी उपकरणाने लीप सेकंदांची (यूटीसीत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांची) वजावट केलेली नाही, इतकंच.

आता पीटीपी. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे १ मिलिसेकंद चुकला की फेजचा कोन १८ अंशांनी चुकला. इव्हेंट लॉगला कोनाशी देणंघेणं नाही, त्याला क्रम हवा असतो. १४ ऑगस्ट २००३ ला ईशान्य अमेरिका आणि कॅनडातला ब्लॅकआउट झाला, तेव्हा ठिकठिकाणच्या रेकॉर्डरची घड्याळं जुळत नव्हती आणि घटनांचा क्रम लावतानाच तपास करणाऱ्यांचा घाम निघाला. नंतर तिथे फॉल्ट रेकॉर्डिंगसाठी यूटीसीपासून २ मिलिसेकंदांच्या आत राहण्याचा नियम आला. शांत लॅनवर एनटीपी सर्व्हर हे जमवतो. पण बऱ्याच रिलेंमध्ये एनटीपीची साधी, एसएनटीपी आवृत्ती असते आणि तिच्या भरवशावर मी फॉल्ट रेकॉर्डर सोडणार नाही. तिथे आयरिग-बीची, म्हणजे वेळेचा सिग्नल थेट उपकरणापर्यंत नेणारी, केबल टाका, काम संपलं. फक्त मॉड्युलेटेड (वाहक लहरीवर चढवलेला) आणि अनमॉड्युलेटेड (थेट पल्सचा) यांची गल्लत करू नका. मायक्रोसेकंदाची अचूकता दुसऱ्यात मिळते. मूळ आयरिग-बीमध्ये वर्षही नसतं, त्यामुळे रिले दिवस बरोबर दाखवून वर्ष चुकवू शकतो.

पीएमयू (वेळेच्या शिक्क्यासह व्होल्टेज-करंटचा कोन मोजणारं उपकरण) आला की हिशेब बदलतो. मानकात फेजरच्या, म्हणजे मोजलेल्या आकार आणि कोनाच्या, एकूण चुकीला १ टक्का मुभा आहे. ती सगळी कोनानेच खाल्ली तरी ०.५७ अंश होतात, म्हणजे जेमतेम ३२ मायक्रोसेकंद. त्यातच सीटी-पीटीच्या (करंट-व्होल्टेज मोजण्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या) चुकाही बसवायच्या असतात. म्हणून १ मायक्रोसेकंद मागतात. प्रोसेस बसवर, म्हणजे करंट-व्होल्टेजचे नमुने रिलेला नेटवर्कवरून मिळतात तिथे, तर हा थेट संरक्षणाचा मामला होतो. ५० हर्ट्झला सेकंदाला ४००० नमुने येतात, आणि ते पाठवणाऱ्या दोन मर्जिंग युनिटांमध्ये १०० मायक्रोसेकंदांचा फरक पडला की कोन १.८ अंश हलतो. लाइनवर काहीही झालेलं नसताना रिलेला लोड करंटच्या ३ टक्के इतका डिफरन्शियल करंट (दोन टोकांच्या करंटमधला फरक) दिसू लागतो. खरा धोका म्हणजे लाइनच्या बाहेरचा मोठा फॉल्ट, तेव्हा हेच ३ टक्के फॉल्ट करंटचे असतात.

पीटीपीला वेगळे स्विच लागतात ते याच अचूकतेसाठी. साध्या स्विचमध्ये निरोप रांगेत किती थांबला हे कुणी मोजत नाही. पॉवर प्रोफाइलचा (पीटीपीच्या वीजक्षेत्रासाठीच्या नियमांचा) स्विच ते मोजतो आणि निरोपातच लिहून पुढे पाठवतो. आयईसी ६१८५०-९-३ प्रमाणे अशा प्रत्येक स्विचला ५० नॅनोसेकंदांची मुभा आहे, त्यामुळे १५ स्विच ओलांडूनही घड्याळ मायक्रोसेकंदात राहतं. पण सगळे तसेच हवेत. मध्ये एक जुना स्विच घुसला की खर्च पाण्यात.

तुमच्याकडे प्रोसेस बस नाही आणि पीएमयू पुढच्या टप्प्यात दोनच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग माझं मत स्पष्ट आहे: आज स्विच बदलू नका. दोन पीएमयूंना अनमॉड्युलेटेड आयरिग-बी पुरेल. तो पैसा उपग्रहांवरून वेळ घेणाऱ्या क्लॉकच्या चांगल्या ऑसिलेटरवर (आतल्या ठोके देणाऱ्या भागावर) घाला. उपग्रह गेल्यावर क्लॉक स्वतःच्या जोरावर किती वेळ टिकतो, हे त्यावरच ठरतं.

आणि उपग्रह चुकतातही. २६ जानेवारी २०१६ ला काही जीपीएस उपग्रहांनी यूटीसीची दुरुस्ती सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची प्रसारित केली. लॉगवाल्यांना त्याचा पत्ताही लागला नसेल, पीएमयूच्या कोनात मात्र जवळजवळ पाव अंश. असं झालं तरी रिसीव्हर 'सगळं ठीक' म्हणत राहू शकतो, कारण सिग्नल तर येत असतो. हे पकडायला तुलनेला दुसरा स्रोत लागतो. क्लॉक घेताना जीपीएसबरोबर गॅलिलिओ किंवा ग्लोनास (युरोप आणि रशियाच्या उपग्रह प्रणाली) धरणाराच घ्या.

चालू करण्याआधी अँटेनाची केबल काढून क्लॉक रात्रभर तसाच ठेवा. स्काडावर (नियंत्रण कक्षाच्या प्रणालीवर) अलार्म आला का, रिलेंना वेळेचा दर्जा घसरल्याचं कळलं का, आणि केबल परत लावल्यावर वेळ हळूहळू सरकली की एकदम उडी मारली, हे बघा. तुमच्या क्लॉकमध्ये कोणता ऑसिलेटर आहे आणि त्या फीडरचा शिक्का कुठे बसतोय ते इथे लिहा, मग पुढचं बघू.