मोहल्ला बदलला नाही, तर माझं शिक्षण वाया गेलं का?

आर्किटेक्चरच्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ते बहुधा जागरणांची तक्रार घेऊन. ही आई मात्र म्हणाली, "मॅडम, हिचं सबमिशन होऊन गेलंय, तरी झोपत नाही. जेवण अर्धं टाकते. म्हणते, एवढं शिकून मी कुणाच्या उपयोगाची?" (मुलीच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी शेवटच्या वर्षाला. थीसिससाठी तिनं जुन्या इंदूरमधला नदीकाठचा एक मोहल्ला घेतला होता. तिच्या आजोबांचं बिऱ्हाड एकेकाळी तिथंच होतं. आता वरचे मजले कुलूपबंद, खाली गोदामं, तरुण मंडळी सुदामानगर-राजेंद्रनगरकडे निघून गेलेली. हिच्या नकाशात तिथे घाट होता, वाचनालय होतं, कारागिरांची दुकानं होती. रहिवाशांना दाखवायला तिनं एका सकाळी बैठक बोलावली. सनबोर्डचं मॉडेल रिक्षात मांडीवर धरून नेलं. दोनच माणसं आली, त्यातले एक काका "बेटा, ये निगम का है क्या?" (निगम म्हणजे महानगरपालिका) एवढं विचारून निघून गेले. पुढे ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, कुणीतरी 'स्वप्नरंजन' असा शेरा मारला आणि मुलगी खचली. "लोकांनाच नकोय, मग मी कोण?"

मी तिची समजूत काढत बसले नाही. इंदूरात राहणारी बाई विचारेल तेच विचारलं: "त्या दिवशी तिथे नळ होता का गं?" आपल्याकडे नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं, आणि ज्या घरात ते ड्रममध्ये भरून ठेवावं लागतं, तिथे नळाच्या वेळेला कुणी हलत नाही. ती मल्टीत, म्हणजे अपार्टमेंटमध्ये वाढलेली, चोवीस तास टाकीचं पाणी. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी विचारलंच नाही."

एका रिकाम्या बैठकीवरून तिच्या मनानं ओळीनं निकाल लावून टाकले होते: लोकांना नको आहे, मी नालायक आहे, पाच वर्षं वाया गेली. आम्ही कागदावर दोन रकाने केले. एकात डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात मनानं जोडलेलं. पहिल्या रकान्यात जेमतेम दोन ओळी भरल्या.

खरं काम पुढेच होतं. मोहल्ल्याचं जे होईल ते माझ्या लायकीचं माप, असं तिनं धरलं होतं. अशा कामाची आस असणाऱ्या मुलांमध्ये हे मी वारंवार पाहते, आणि ती आस मारू नये असंच मला वाटतं. तिनं स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस वाचला होता. होळकर दरबारासाठी केलेला त्याचा इंदूरचा अहवाल 1918 साली छापला गेला. सरसकट पाडापाडीला त्याचा विरोध होता. आधी वस्तीत पायी फिरा, तिचं दुखणं ओळखा, मग मोजकीच काटछाट करा, असा त्याचा आग्रह. मी म्हटलं, "दुखणं ओळखणं तुझ्या हातात आहे. घरमालक, भाडेकरू, निगमचं बजेट हे नाही." इंदूरच्या वस्त्यांमध्ये गटारं आणि रस्ते नेणाऱ्या प्रकल्पाला 1998 साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि पुढे देखभालीअभावी गटारं तुंबल्याची टीकाही त्यावर झाली. चांगल्या नकाशालासुद्धा पुढे वर्षानुवर्षं इतरांचे हात लागतात.

मग तिला एकच काम दिलं. नळाच्या दिवशी जा, मॉडेल नेऊ नकोस, ओटल्यावर बस.

पुढच्या भेटीत ती बोलत सुटली. एक आजी ड्रम दोरीनं ओटल्याच्या खांबाला बांधून ठेवतात, कारण गल्लीच्या उतारावर अर्धा भरलेला ड्रम सरकतो. भरलेले ड्रम लागले की गल्लीतून स्कूटर निघत नाही, त्यावरून दर नळाच्या दिवशी भांडणं. तिनं त्या वेळची अख्खी गल्ली वहीत काढून आणली होती, पाइप कुठून कुठे जातो त्यासकट. घाट बाजूला ठेवून तिनं ओटल्यांना लागून ड्रमसाठी सपाट कट्टे आखले. ते बघायला मात्र बायका स्वतःहून जमल्या. "इथे नको, इथे माझी तुळस आहे," असं सांगणाऱ्यासुद्धा.

मोहल्ला आजही तसाच आहे. कट्टा एकही झालेला नाही. ती विजयनगरच्या एका ऑफिसात नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी तिथे जाते, आणि झोपते.

पालकांना एक विनंती. "आधी स्वतःचं बघ, समाजसेवा नंतर" हे वाक्य टाळा, मुलं त्यानंतर घरात बोलेनाशी होतात. "आज तिथे कोण भेटलं?" असं विचारा. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे या. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलणं कानावर आलं, तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या. मूल यायला तयार नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, त्यावर पालकांनाही बोलता येतं.