लांडगा झालेले सरदार: वाचायला कुठून सुरुवात करावी

माणसाचा लांडगा होतो अशा सिनेमांतली पौर्णिमा, चांदीची गोळी हे आधी डोक्यातून काढून टाक. या सरदारांच्या कथांत त्यातलं काही नाही. पहिली वाच मारी द फ्रान्स या कवयित्रीची 'बिस्क्लाव्रे'. १२व्या शतकातलं छोटं कथाकाव्य, एका बैठकीत संपतं. ब्रिटनीचा एक सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होतो. बायको त्याचे कपडे पळवायला लावते, आणि कपड्यांशिवाय त्याला परत माणूस होता येत नाही. पुढे शिकारीत राजा समोर येतो तेव्हा हा लांडगा त्याची रिकीब धरून पायाचं चुंबन घेतो. तिथे जरा थांब. अंगावर केस आले तरी दरबारी रीत सुटलेली नाही! शेवटी कपडे पुढे ठेवले तरी चारचौघांत तो ते घालत नाही, हेही बघ. (मधे बायकोचं नाक तोडतो, तयारीत राहा.)

मग लगेच 'मेलिओं' घे: दंतकथेतल्या आर्थर राजाचा सरदार, आणि रूप बदलतं ते अंगठीच्या खड्याने. 'गियोम द पालेर्म' हे जुनं फ्रेंच कथाकाव्य लांबलचक आहे, सवडीने वाच. १४८५ साली छापलेल्या मॅलरी या इंग्रज लेखकाच्या आर्थरकथांच्या ग्रंथात सर मॅरक शोधशील, तर बायकोने त्याला सात वर्षं लांडगा करून ठेवलं, एवढा ओझरता उल्लेखच हाती लागेल.