तमिळ शिकायचं खूळ? थांबवू नका

एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची लेक टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. तिने 'श्रीलंकेतला तमिळ प्रश्न आणि भारत' या विषयावर, म्हणजे तिथले बहुसंख्य सिंहली आणि अल्पसंख्य तमिळ यांच्यातल्या संघर्षावर, कॉलेजात प्रकल्प केला आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेनासं झालंय. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं, वांशिक राजकारण आणि देशादेशांमधलं सामरिक सहकार्य यावरच काम करायचं, असं ती म्हणते. त्यातच मोबाइलवर तमिळ शिकायला लागली आहे. घरात काका म्हणतात, 'निदान बी.एड. तरी कर.' वडिलांनी विचारलंय: यात नोकरी आहे का, शिकायचं कुठे, आणि हे तमिळचं खूळ थांबवू का?

स.न.वि.वि.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी दोन्ही उत्तरं त्यावरच उभी आहेत. ते खूळ थांबवू नका. तुमच्या मुलीने आतापर्यंत केलेल्या गोष्टींत सगळ्यात शहाणपणाची तीच आहे.

का, ते तिच्याच प्रकल्पातून सांगतो. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. पाठ्यपुस्तकात हा करार 'तमिळ प्रश्न सोडवण्यासाठी' म्हणून येतो. मूळ मजकूर काढून वाचला, तर त्यात श्रीलंका हा अनेक वंशांचा, अनेक भाषांचा समाज असल्याची कबुली आहे, उत्तर आणि पूर्व प्रांतांचा विषय आहे, अधिकार वाटून द्यायची बोलणी आहेत. पण त्याच दिवशी दोघांनी एकमेकांना पत्रंही दिली, आणि त्या पत्रांचा सूर निराळा आहे. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीचं किंवा दुसरं कुठलंही बंदर भारताच्या हिताला बाध येईल अशा लष्करी वापरासाठी कुणाला द्यायचं नाही. त्रिंकोमालीतल्या तेलाच्या टाक्या दोघांनी मिळून दुरुस्त करायच्या आणि चालवायच्या. परदेशी लष्करी आणि गुप्तचर माणसांचं काय, परदेशी रेडिओ केंद्रांचं काय, तेही त्यात आहे.

म्हणजे जाफन्यातल्या, उत्तरेतल्या त्या तमिळ शहरातल्या, माणसाची भाषा आणि त्रिंकोमालीतल्या तेलाच्या टाक्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर आल्या. तुमच्या मुलीला जो विषय शिकायचा आहे, तो हाच. एका देशातल्या वांशिक गटाचं दुखणं शेजारच्या देशाच्या सुरक्षेच्या हिशेबात कसं शिरतं आणि त्या हिशेबात त्या गटाच्या वाट्याला शेवटी काय येतं, हा तो प्रश्न.

हिशेब पुढेही चालूच राहिला. भारताने शांतिसेना पाठवली. ती 1990 मध्ये परत आली तोवर जवळपास 1,200 भारतीय जवान गेले होते. 1991 मध्ये श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, राजीव गांधींची हत्या केली. करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या खऱ्या, पण जमीन आणि पोलीस हे अधिकार प्रत्यक्षात त्यांच्या हाती आलेच नाहीत. उत्तर प्रांताच्या परिषदेची शेवटची निवडणूक 2013 सालची. तेलाच्या टाक्यांचं मात्र पुढे सरकलं. 2022 च्या जानेवारीत 99 टाक्यांचा करार झाला आणि त्यातल्या 61 दोन्ही देशांच्या कंपन्यांनी मिळून चालवायचं ठरलं. एप्रिल 2025 मध्ये कोलंबोत भारत-श्रीलंका संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला आणि त्याच दौऱ्यात संयुक्त अरब अमिरातीला सोबत घेऊन त्रिंकोमालीला ऊर्जाकेंद्र करण्याचंही ठरलं. 1987 च्या त्या दिवसातलं काय टिकलं आणि काय मागे पडलं, हे तिला एका पानात मांडायला सांगा. ते जमलं तर मुलगी या कामाची आहे.

आता तमिळ. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी असाच एक मुलगा आला होता. त्याला भाषा शिकायची होती. मी त्याला म्हटलं, भाषेला मार्क नाहीत, वेळ घालवू नकोस, नेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची, तयारी कर. पुढे एका संशोधन संस्थेत त्याची मुलाखत झाली. प्रबंध उत्तम होता, पण सगळा इंग्रजी वर्तमानपत्रांवर बेतलेला. समोरच्या बाईंनी विचारलं, 'याच घटनेबद्दल जाफन्यातल्या तमिळ पेपरांनी काय लिहिलं होतं?' त्याच्याकडे उत्तर नव्हतं. जागा दुसऱ्याला गेली. तो सल्ला माझा होता आणि चुकीचा होता, हे मला आजही बोचतं.

इंग्रजी वाचून श्रीलंकेवर लिहिणारे आपल्याकडे शेकड्याने आहेत. तमिळ वाचू शकणारा, आणि तोही घरी तमिळ न बोलणारा, म्हणजे ज्याला दोन्ही बाजू थोड्या अंतरावरून दिसतात असा माणूस मिळणं कठीण. आणि तमिळच्या जोडीला सिंहली वाचणारा असेल, तर संस्था स्वतःहून शोधत येतात. सिंहलीचं नाव काढलं की मुलं घाबरतात. तिला सिंहलीत पाचपर्यंत मोजून दाखवा: एक, देक, तुन, हतर, पह. गावाला 'गम', हाताला 'अत'. लिपी गोल गोल आणि अनोळखी, पण आतली भाषा आपल्या मराठीच्या नात्यातली. तमिळ मात्र निराळ्या कुळातली, तिथे घाम गाळावा लागेल. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे आणि उच्चार शब्दातल्या जागेवरून ठरवायचा. मोबाइलवर सुरुवात ठीक आहे, पण सहा महिन्यांत शिक्षक हवाच. तमिळनाडू सरकारच्या तमिळ व्हर्च्युअल अकादमीचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, तिथून सुरू करता येईल.

भाषा आली की आणखी एक गोष्ट घडते. 'श्रीलंकेतले तमिळ' हा एकच गठ्ठा नाही, हे कळतं. उत्तर-पूर्वेचे तमिळ शेकडो वर्षांचे तिथले. डोंगरातल्या चहामळ्यांवरचे तमिळ ब्रिटिशांनी आणलेल्या मजुरांचे वंशज, ज्यांचं नागरिकत्व 1948 च्या कायद्याने गेलं. 1964 मध्ये लालबहादूर शास्त्री आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्या करारात तर 9,75,000 माणसांची वाटणीच झाली: 5,25,000 भारतात, 3,00,000 तिकडे, उरलेल्या 1,50,000 चं नंतर बघू. दोन सरकारांनी मैत्री राखण्यासाठी केलेला तो हिशेब होता, आणि ज्यांची वाटणी झाली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय तमिळ बोलणारे मुसलमान स्वतःला वेगळा समाज मानतात, आणि 1990 मध्ये त्यांना जाफन्यातून हुसकावणारी एलटीटीई तमिळांच्याच नावाने लढत होती. तुमच्या मुलीच्या प्रकल्पात या तिघांची नावं वेगवेगळी आहेत का, ते बघा. नसतील तर तिला रागावू नका, बहुतेकांचं तिथेच चुकतं.

काकांची शंका मी हसण्यावारी नेत नाही. 'एका छोट्या बेटावर आयुष्य काढणार का?' असं त्यांच्या मनात असणार. पण ही गाठ सोडवायला शिकलेला माणूस दुसरीकडेही कामाला येतो. इराणचा शाह इराकमधल्या कुर्दांना, म्हणजे इराक, इराण, तुर्कस्तान अशा देशांत विखुरलेल्या वांशिक गटाला, शस्त्रं पुरवत होता. मार्च 1975 मध्ये अल्जीअर्सला इराकशी शत्त-अल-अरब नदीच्या सीमेचा सौदा जमला, मदत थांबली आणि कुर्दांचं बंड काही आठवड्यांत कोसळलं. स्वीडनला नाटो या लष्करी युतीत शिरायला 2024 उजाडावं लागलं, त्यामागे तुर्कस्तानचा कुर्दांवरून घेतलेला आक्षेप हे एक मोठं कारण. याच्या उलट, ऑस्ट्रिया आणि इटलीने इटलीच्या उत्तरेकडच्या दक्षिण टायरोलमधल्या जर्मन भाषकांबद्दल 1946 मध्ये करार केला, मध्ये भांडले, संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले आणि 1992 मध्ये वाद मिटल्याचं दोघांनी कळवलं. आपल्या घरचं बघायचं तर 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून आलेल्या चिन लोकांना मिझोरमने आपले भाऊबंद म्हणून आसरा दिला, तेव्हा दिल्लीला म्यानमारच्या लष्कराशी संबंधही सांभाळायचे होते. 2013 मध्ये श्रीलंकेच्याच प्रश्नावरून द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला होता, तेही तिला आठवत असेल. चेन्नईतलं राजकारण जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेवर होणाऱ्या मतदानापर्यंत पोचतं. अशा जागा वाचता येणारी माणसं लागतात.

आता नोकरीचं. परराष्ट्र सेवा हे पहिलं नाव सगळे घेतात. जरूर प्रयत्न करावा, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषयही तिच्या हातचा आहे. पण जागा दरवर्षी मोजक्याच असतात, म्हणून फक्त यूपीएससीवर आयुष्य टांगू नका. दोन प्रामाणिक प्रयत्न, मग थांबून विचार, असं माझं मत. बाकी वाटा अशा: संशोधन संस्था, दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था किंवा ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन), मुंबईत गेटवे हाऊस. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, ते आधीच सांगून ठेवतो. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, दूतावासांत स्थानिक विश्लेषक लागतात, वृत्तसंस्थांचे परराष्ट्र विभाग आहेत, शेजारी देशांत पैसे गुंतवणाऱ्या कंपन्यांना राजकीय धोका सांगणारे लागतात. प्राध्यापकी हवी असेल तर नेट, आणि त्यातच जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये हातात येतात, म्हणजे पीएच.डी.च्या काळात घरावर भार नाही. बी.एड. वाईट नाही, पण ते मन मारून करायचं शिक्षण नव्हे. तिला शिकवायची ओढ असेल तरच.

शिकायचं कुठे, तर जेएनयूची स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज पहिली, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. दिल्लीचीच साउथ एशियन युनिव्हर्सिटी तिच्यासाठी मला जास्त आवडते, कारण ती सार्क म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतल्या देशांनी मिळून काढली आहे आणि तिथे शेजारच्या देशांतली मुलंही शिकायला येतात. नागरिकत्वाच्या कायद्यावर एखाद्या सिंहली मुलीशी मेसमध्ये बसून वाद घालणं हे शंभर पुस्तकांच्या बरोबरीचं. पुण्यात राहायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. कर्ज काढून लगेच लंडनला पाठवू नका. बाहेरच्या देशांत सुरक्षेशी निगडित कामाला बहुतेकदा तिथलं नागरिकत्व लागतं आणि कर्ज मात्र आपल्या नावावर राहतं. दोन वर्षं काम करून मग ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगसारख्या शिष्यवृत्तीला अर्ज करू दे, तिथे कामाचा अनुभव मागतातच.

एक काळजी तुम्ही पत्राच्या शेवटी दबक्या आवाजात लिहिली आहे, की 'अशा विषयात मुलगी कुठल्या बाजूची होऊन बसेल.' ही काळजी रास्त आहे. 1983 च्या जुलैत श्रीलंकेत तमिळांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत काय झालं ते वाचताना कुणाचंही रक्त तापतं, तापायलाच हवं. पण 1956 मध्ये फक्त सिंहलीला राजभाषा करणाऱ्या कायद्यामागे सिंहली माणसाच्या मनात कोणती भीती होती, हेही तिला त्याच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. सांगता आलं म्हणजे ती पटली असं नाही. मी सिंहलीचा एवढा आग्रह धरतो तो यासाठीच.

तिला 1987 च्या कराराचा आणि सोबतच्या पत्रांचा मूळ मजकूर काढून वाचायला सांगा, आणि मी वर म्हटलेलं ते एक पान मराठीत लिहून माझ्याकडे पाठवा. तमिळमध्ये स्वतःबद्दल चार ओळी लिहिता आल्या तर त्याही खाली असू देत. वाचून सविस्तर कळवतो.

आपला,
करिअर मार्गदर्शक