वाचकांचे प्रश्न : संगणकशास्त्र आणि व्यवसाय माहिती प्रणालीची जोड-पदवी

प्रश्न : माझी पदवी वाणिज्य शाखेची. संगणकशास्त्र आणि व्यवसाय माहिती प्रणाली असा एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्यायचा आहे. संगणकाची बाजू झेपेल का? आधी काय तयारी करू?

उत्तर : झेपेल. कोडिंगची धास्ती घेऊ नका, ते सरावाने हाताला बसतं. दमछाक होते ती डिस्क्रीट मॅथ्स (तर्क, संच, मोजणी यांचं गणित) आणि अल्गोरिदममध्ये (प्रश्न सोडवायच्या पायऱ्या), म्हणून सुरुवात तिथून करा. दहा लाख नोंदींच्या क्रमवार यादीतून एक नोंद शोधायला बायनरी सर्चला (दरवेळी मधली नोंद पाहून उरलेली निम्मी यादी बाद करणं) जास्तीत जास्त 20 तुलना का पुरतात, हे कागदावर मांडता आलं की पुढे सरका. भाषा एकच धरा, पायथॉन किंवा जावा.

डेटाबेसमध्ये मात्र तुमचं वाणिज्य कामाला येईल. सरावासाठी विक्रीच्या बिलांचा डेटाबेस बांधा : ग्राहक, वस्तू, बिल आणि बिलातल्या ओळी, अशी चार टेबलं. नवखे लोक बिलाच्या ओळीत फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग ठेवतात, दर वस्तूच्या टेबलातून उचलतात. दर बदलला की जुनी बिलंही नव्या दराने दिसू लागतात! 'एकच माहिती दोनदा साठवू नका' हा नॉर्मलायझेशनचा (माहिती टेबलांत नीट विभागण्याचा) धडा आंधळेपणाने गिरवल्याचं हे फळ. आजचा दर आणि विक्रीच्या दिवशीचा दर या मुळात दोन वेगळ्या माहिती आहेत. दुसरी बिलाच्या ओळीतच नोंदवायला हवी.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक बायनरीत (0 आणि 1 च्या रूपात) साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नका. 0.1 ही संख्या बायनरीत नेमकी बसत नाही, त्यामुळे 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं आणि बेरीज खतावणीशी जुळेनाशी होते. दशांश आकडे जसेच्या तसे साठवणारा डेसिमल टाइप वापरा. चुकलेलं बिल डिलीट करू नका, उलट नोंद टाका. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. नावे आणि जमा या दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या नोंदी होतात, नाहीतर एकही होत नाही असा गट) घाला, म्हणजे मध्येच वीज गेली तरी एकच बाजू लिहिलेली राहणार नाही.

प्रश्न : दोन संस्थांच्या अभ्यासक्रमांची नावं जवळपास सारखी आहेत. निवड कशी करावी?

उत्तर : नावावर जाऊ नका. विषयांच्या यादीत प्रत्येकापुढे 'संगणक', 'व्यवसाय' किंवा 'दोन्ही' असं लिहा आणि क्रेडिटची बेरीज करा. 'दोन्ही'चा रकाना रिकामाच राहिला, तर हाती दोन अर्धवट पदव्या येतील. रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस (व्यवसायाला काय हवं ते नेमकं ठरवणं), प्रोसेस मॉडेलिंग (कामाच्या पायऱ्या आराखड्यात मांडणं), डेटा वेअरहाउस (विश्लेषणासाठी एकत्र केलेला डेटा) हे त्या रकान्यातले विषय. ईआरपी (खरेदी, विक्री, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली) असेल तर विचारा : नुसते स्क्रीन भरायला शिकवतात, की ऑर्डर निम्मी पोचवल्यावर रद्द झाली तर साठा आणि हिशेब यांचं काय होतं हेही? शाखा बदलून येणाऱ्यांना पूरक विषय घ्यावे लागतात. त्यांचे क्रेडिट पदवीत धरतात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. धरत नसतील, तर एखादं सत्र वाढू शकतं.

प्रश्न : प्रबंधासाठी कंपनीचा डेटा वापरता येईल का?

उत्तर : येईल, पण विषय नोंदवण्याआधी लेखी परवानगी हातात हवी. काय छापायला चालेल आणि प्रबंध खुला राहील की गोपनीय, हे त्यात स्पष्ट असावं. ग्राहकांची नावं कंपनीकडूनच काढून घ्या. केवळ नाव पुसून भागत नाही. जन्मतारीख आणि पिनकोड एकत्र राहिले तरी माणूस ओळखता येऊ शकतो.