कॅगचा अहवाल मांडला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेवर कॅगच्या अहवालात ताशेरे आले. टाकी उभी आहे, ठेकेदाराचे बिल निघाले, नळाला पाणी नाही. अहवाल विधिमंडळात मांडून दोन वर्षे झाली. वसुली कोण करणार? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : कॅग (सरकारी हिशेब तपासणारे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) वसुली करत नाही, शिक्षाही देत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५१(२) प्रमाणे अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतात. किती दिवसांत, ही मुदत त्यात नाही. बऱ्याचदा तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, बातमी होते आणि सभागृह उठते.

खरे काम त्यानंतर लोकलेखा समितीत, म्हणजे कॅगचे अहवाल तपासणाऱ्या आमदारांच्या समितीत. अहवालातील प्रत्येक परिच्छेदावर विभागाने महालेखापालांकडून (कॅगच्या राज्यातील कार्यालयाकडून) पडताळलेले स्पष्टीकरणात्मक ज्ञापन, म्हणजे लेखी खुलासा, द्यायचा असतो. समिती त्यांतले निवडक परिच्छेद घेते, सचिवांची साक्ष बंद दाराआड होते, शिफारशींसह समितीचा अहवाल येतो आणि विभाग त्यावर काय केले ते कळवतो. शिफारस बंधनकारक नसते. वसुली किंवा विभागीय चौकशी शेवटी विभागालाच करावी लागते.

घोळ होतो तो वेळेचा. ज्ञापन रखडते, निवडणुकीनंतर समिती उशिरा स्थापन होते, तोवर सही करणारा अभियंता निवृत्त होतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २७ नुसार निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायची, तर ती घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. लेखापरीक्षेलाच खर्चानंतर वर्ष-दोन वर्षे लागतात, मग हिशेब करा. ‘दोषींवर जबाबदारी निश्चित करावी’ हे वाक्य अहवालांत पुन्हा पुन्हा येते, ते असे.

तुम्ही काय कराल? अहवालाचे वर्ष आणि परिच्छेद क्रमांक लिहून घ्या. समितीपुढील साक्षीची किंवा ज्ञापनाची प्रत मागितलीत, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ग), म्हणजे विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा आधार घेऊन नकार येण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा कार्यालयाचे स्वतःचे कागद मागा : मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाच्या मापांच्या वहीतील) नोंदी, अंतिम देयक, कार्यपूर्णतेचा दाखला आणि मुख्य म्हणजे उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या स्रोताचा, दाखला. पाणी न येण्याचे कारण अनेकदा टाकीत नसून उद्भवात असते. विहीर आटते किंवा पंपाला वीजजोडणीच मिळालेली नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या दाखल्याआधीच कार्यादेश निघाला असेल, तर तारखाच बोलतात. हे कागद तुमच्या आमदारांना द्या आणि ज्ञापन सादर झाले का, असा तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) विचारायला सांगा.

प्रश्न : डिसेंबरात पुरवणी मागण्या मंजूर होतात आणि मार्चमध्ये पैसे परत जातात. हे कसे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि खर्च यांचा वार्षिक ताळा, उघडा. प्रत्येक अनुदानासमोर (मंजूर रकमेच्या शीर्षासमोर) मूळ तरतूद, पुरवणी (वर्षाच्या मध्यात मागितलेली जादा रक्कम), एकूण, प्रत्यक्ष खर्च आणि बचत किंवा जादा खर्च असे आकडे असतात. प्रत्यक्ष खर्च मूळ तरतुदीपर्यंतही पोहोचला नसेल, तर पुरवणी मागणी अनावश्यक होती. आकडेवारी न पाहता मागणी करणे, निधी वितरणाला उशीर, अडकलेली प्रशासकीय मान्यता ही नेहमीची कारणे. ३१ मार्चला परत केलेला पैसा दुसऱ्या विभागाच्याही कामी येत नाही. याच्या उलटही घडते : पैसे काढून स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या सरकारी ठेव खात्यात) ठेवले जातात, कागदावर खर्च झालेला दिसतो आणि काम सुरूही झालेले नसते. हा प्रकार आम्हाला बचतीपेक्षा गंभीर वाटतो, कारण आकड्यांत तो लपतो.

मंजुरीपेक्षा जादा खर्च झाला, तर तो अनुच्छेद २०५ खाली विधानसभेपुढे आणून नियमित करून घ्यावा लागतो. त्याआधी लोकलेखा समिती कारणे तपासते. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात.

प्रश्न : योजनेचे उद्दिष्ट पूर्ण झाले का, हे कुठे कळते? (एक वाचक, अकोला)

उत्तर : विभागाच्या ‘कार्यक्रम अंदाजपत्रका’त. दोन लागोपाठच्या वर्षांचे अंक शेजारी ठेवा आणि आधीच्या वर्षाचे भौतिक उद्दिष्ट व साध्य ताडून पाहा. खर्च शंभर टक्के आणि साध्य निम्मे, तिथे थांबा.

प्रश्न : पंचायती राज समिती जिल्ह्यात येणार आहे. आम्ही तिच्यापुढे बोलू शकतो का? (एक वाचक, बीड)

उत्तर : ही जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींचा कारभार तपासणारी आमदारांची समिती. तिच्यापुढे साक्ष जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खातेप्रमुखांची असते. लेखी निवेदन मात्र सदस्यांना किंवा विधानमंडळ सचिवालयाला देता येते. (समिती येण्याच्या आठवड्यात शाळांना रंग लागतो. निवेदन त्याआधीच द्यावे.) समितीच्या हातात स्थानिक निधी लेखापरीक्षेचे, म्हणजे या संस्थांच्या हिशेबतपासणीतील, आक्षेप असतात, म्हणून आक्षेपाचे वर्ष, क्रमांक, रक्कम आणि ग्रामपंचायतीचे नाव लिहा, सोबत छायाचित्र जोडा. ‘सर्वत्र भ्रष्टाचार आहे’ अशा अर्जावर कोणी प्रश्न विचारू शकत नाही.