डेकेअरचा खर्च: एफएसए घ्यावा की टॅक्स क्रेडिट?

तुमचं गणित असं दिसतंय: अमेरिकेत दोघंही नोकरीत, मिळून पगार १,८०,००० डॉलर, तीन वर्षांच्या एकुलत्या लेकाच्या डेकेअरला महिना १,८००. कंपनीतला डिपेंडंट केअर एफएसए (मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून पैसे बाजूला काढायचं खातं) घ्यावा की रिटर्न भरताना क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधूनच थेट वजावट? शिवाय सासूबाई सहा महिने येणार, तर त्यांनाच पैसे दिल्याचं दाखवावं का?

डोळे मिटून एफएसए घ्या. २०२६ पासून त्याची वर्षाची मर्यादा ५,००० वरून ७,५०० झाली आहे. सगळ्याच कंपन्यांनी वाढवलेली नाही, एचआरला विचारून घ्या. हे पैसे टॅक्स लागायच्या आधीच पगारातून वळते होतात. तुमच्या इन्कम टॅक्सचे २२ टक्के, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५, म्हणजे २,२०० डॉलरच्या आसपास वाचतात. क्रेडिट एका मुलामागे फक्त ३,००० च्या खर्चावर. तुमच्या उत्पन्नाला २७ टक्क्यांनी ८१० डॉलर. दोन्ही घेऊ म्हणाल तर एफएसएची रक्कम त्या ३,००० मधून वजा होते, हाती शून्य. आणि ७,५०० नवराबायकोचे मिळून हं, प्रत्येकी नाही.

पहिल्या वर्षी मी डेकेअरच्या पावत्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये कोंबत गेलो. आमच्याकडे क्लेमची, म्हणजे पावत्या दाखवून एफएसएतले पैसे परत मागायची, मुदत ३१ मार्च. मला आठवलं एप्रिलमध्ये, टॅक्सची कागदपत्रं शोधताना. ६४० डॉलर बुडाले. बायको अजून त्याला ‘तुझी दक्षिणा’ म्हणते. आता फी भरली की तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून अपलोड करतो.

सासूबाईंचा विचार सोडा. व्हिजिटर व्हिसावर पगारी काम चालत नाही, आणि फॉर्म २४४१ वर (रिटर्नसोबत डेकेअरचा खर्च दाखवायचा फॉर्म) सांभाळणाऱ्याचा टॅक्स नंबर लिहावा लागतो. रोख घेणाऱ्या शेजारच्या काकूंचीही तीच अडचण. आधीच डब्ल्यू-१० फॉर्म (सांभाळणाऱ्याने आपला टॅक्स नंबर लिहून द्यायचा) भरून मागा, चेहरा बघून उत्तर कळेल.

पुढे उपयोगी पडेल म्हणून: दिवसाचा समर कॅम्प चालतो, मुक्कामाचा नाही. किंडरगार्टनची फी नाही, आफ्टरकेअर चालतं.

एच-४ (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वाल्यांनी नेहमी विचारलेलं: जोडीदाराची वर्षभरात काहीच कमाई नसेल तर दोन्ही सवलती नाहीत. मात्र तो किंवा ती पूर्णवेळ शिकत असेल, तर एका मुलासाठी दरमहा २५० डॉलर कमाई धरली जाते. भारतात जन्मलेल्या मुलाला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर डेकेअरच्या या क्रेडिटला आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांचा टॅक्स नंबर) पुरतो. चाइल्ड टॅक्स क्रेडिट वेगळं, त्याला पुरत नाही.

ओपन एनरोलमेंट (कंपनीच्या सवलती निवडायची वर्षातली ठरलेली मुदत) हुकली असेल तरी डेकेअरची फी वाढल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वर्षाच्या मध्यात रक्कम बदलता येते. फीवाढीचं पत्र जपून ठेवा.