समुद्र दिसला नाही तरी चालेल, बाजार जवळ हवा

प्रश्न : आम्ही दोघं ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी ६८ वर्षांचा, पत्नी ६४. मला दम्याचा जुना त्रास आहे. दिवाळी सरली की इथलं सकाळचं धुरकं आणि रस्त्यांच्या कामांची धूळ यांनी बेजार होतो. डिसेंबर-जानेवारी सिंधुदुर्गात समुद्रकाठी जाऊन राहावं असं मनात आहे. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा गोव्याला जा. तारकर्लीला समुद्रासमोरची एक खोली फोनवर पाहून ठेवली आहे, पण पत्नीचे गुडघे दुखतात आणि दोन महिने करमेल का, अशी धास्तीही वाटते. काय पाहून ठरवावं?
(पत्राखाली वेगळ्या अक्षरात : तिथे जाऊनही दोन्ही वेळच्या पोळ्या मलाच लाटायच्या असतील तर मी इथेच बरी.)
— एक दांपत्य, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आधी वहिनींचं. भाऊ, तुम्ही दम्याचं लिहिलंत, गुडघ्यांचं लिहिलंत, मुलाचं मतही कळवलंत. जेवण कोण करणार याचा मात्र तुमच्या पत्रात पत्ता नाही. ते आधी ठरवा, मग तिकीट काढा. आमच्याकडे सरळ वाटणी आहे. दुपारचं जेवण खानावळीचं नाहीतर घरमालकीणबाईंकडून पैसे देऊन येणारं, सकाळचा चहा-नाश्ता आमच्या ह्यांच्याकडे, रात्री मी पेज नाहीतर खिचडी टाकते. पोळीचा हट्ट कुडाळ स्टेशनवर उतरतानाच सोडायचा. तिकडे भात आहे, भाकरी आहे, घावणे-आंबोळ्या आहेत. आमचे हे वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा जन्म काढलेले गृहस्थ, पण घावणे घालायला शिकले. तुम्हीही शिकाल.

आता जागा. मी नौपाड्यात राहते, नर्स म्हणून निवृत्त झाले आणि हिवाळ्यात आमचा मुक्काम वेंगुर्ल्याला असतो. त्यावरून सांगते, समुद्रासमोरची खोली घेऊ नका. तारकर्ली-देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. दिसायला त्याला तोड नाही, पण ती चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी. नाताळच्या सुट्टीत तिथे गाड्यांची रांग लागते, दरही चढतात, आणि एखादी गोळी संपली तर मालवण गाठावं लागतं. त्यातून रोज उठून समुद्राकडे बघत बसणं आठवडाभर छान वाटतं, मग माणसं टीव्ही लावतात. मी अशी जोडपी पाहिली आहेत. लांबच्या मुक्कामात माणसाला सकाळी घराबाहेर काढतो तो बाजार. कुणाकडे आज बांगडा आला, कुणाकडे तारली, लाल माठाची जुडी कितीला, कोकमं गेल्या वर्षीची आहेत की यंदाची, एवढ्यावर दहा माणसांशी बोलणं होतं. महिन्याभराने मासळीवाली यांना नावाने हाक मारायला लागली आणि मला आपलं ‘ताई’च.

म्हणून वेंगुर्ले किंवा मालवण गावात, तळमजल्यावर, बाजार, एसटी स्टँड आणि औषधाचं दुकान दहा मिनिटांच्या चालीवर असेल असं घर शोधा. समुद्र रिक्षाने गाठता येतो. भाडं महिन्याच्या हिशेबाने ठरवा. दिवसाचा दर गुणिले साठ असं करणाऱ्या मालकाला नमस्कार करून पुढे जा. नाताळचा आठवडा त्याच भाड्यात धरलेला आहे, हे आधीच लिहून घ्या.

तुम्हाला दमा आहे, म्हणून घराच्या तीन गोष्टी खास विचारा. पहिली, पावसाळ्यापासून बंद असलेली खोली आहे का. चिऱ्याच्या जुन्या घरात ओल मुरते, भिंतीला आणि गाद्यांना बुरशीचा वास धरतो, आणि तो तुमच्या छातीला ठाण्याच्या धुळीपेक्षा वाईट. आठवडाभर आधी खिडक्या उघडून गाद्या उन्हात घालायला सांगा. दुसरी, आंघोळीचं पाणी कशावर तापतं. मागीलदारी चूल पेटत असेल तर तिकडची खोली नको. तिसरी, अंगणातला पालापाचोळा कधी पेटवतात. कोकणात सकाळी झाडलोट झाली की ढीग पेटवायची सवय घरोघरी आहे, आणि शहरातून पळून आलेल्या दमेकऱ्याला त्याच धुराने परत औषधाचा पंप काढावा लागतो. मालकाला आधी सांगितलं तर लोक ऐकतात. वहिनींसाठी कमोड आणि न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, ते फोटोवर विश्वास न ठेवता व्हिडिओ कॉल लावून पाहा.

औषधं दोन महिन्यांची इथूनच न्या, चिठ्ठीची प्रत सोबत ठेवा. डॉक्टरांना विचारून तातडीच्या वेळचा पंप दोन जागी ठेवा, एक उशाशी आणि एक पिशवीत. सर्दी-ताप, मलमपट्टी, ईसीजीपर्यंतचं तालुक्याच्या गावी होतं. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. मोठं काही उद्भवलं तर तिकडची माणसं पूर्वापार गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धाव घेतात. तेव्हा रात्री-अपरात्री येईल अशा एका गाडीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. आणखी एक, नर्स म्हणून सांगते. जानेवारीनंतर दोडामार्ग-बांद्याकडच्या भागात माकडतापाचे रुग्ण आढळतात. तो गोचिडीमुळे होतो. घाबरायचं कारण नाही, पण त्या बाजूच्या काजूच्या बागांतून, पालापाचोळ्यातून उघड्या पायांनी हिंडू नका.

जायचं कसं, हे तुम्हाला ठाणेकरांना सांगायला नको. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी सगळ्या ठाण्याला थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मुलालाच फोनवर बसवा. गोव्याचा आग्रह धरतो तर एवढं त्याने करावं. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, पण खालचा बर्थ मागता येतो, पुरुषांना साठीनंतर आणि बायकांना पंचेचाळिशीनंतर. मी मात्र दिवसाची मांडवी सुचवीन. रत्नागिरीनंतरचे बोगदे आणि नद्या दिसतात, आणि गाडीत खायला सतत काहीतरी येत राहतं. कुडाळला उतरा, तिथून वेंगुर्ले पंचवीसेक किलोमीटर. एसटीत तुम्हा दोघांनाही निम्मं तिकीट, तुम्हाला ६५ ओलांडल्यामुळे आणि वहिनींना बाई म्हणून. पंचाहत्तरी झाली की पूर्ण फुकट. आधार कार्ड खिशात ठेवा. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, हे एक गोव्याच्या विरोधातलं कारण. दुसरं म्हणजे गोवा तिथून जवळच आहे, वाटलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तेरेखोलच्या पलीकडे केरीला जायला फेरीबोट आहे.

निघण्याआधी नोव्हेंबरातच हयातीचा दाखला देऊन टाका, पेन्शन अडकायला नको. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

करमेल का? सुरुवातीचे दिवस करमणार नाही, कारण तुम्ही रोज काहीतरी ‘पाहायला’ निघाल आणि गुडघे बोंब मारतील. आठवड्यात दोनच दिवस बाहेरगावी जा. शिरोड्याकडे निघालात तर वाटेत आरवलीला वेतोबाचं दर्शन घ्या. देव रात्री गावात फिरतो अशी श्रद्धा, म्हणून लोक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. पुढे शिरोड्याची मिठागरं. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. त्याच्याही पुढे रेडी, तिथला गणपती १९७६ साली खाणीच्या जागेत सापडलेला. इतकं एका दिवसाला पुष्कळ. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी बसा, चितारआळीत लाकडी खेळणी रंगवताना बघा, राजवाड्यात गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या धर्तीच्या गोल पत्त्यांवर, काम चालतं ते पाहा. आंबोली दिवसा करा. साधारण ६९० मीटर उंचीवर असल्याने रात्रीचा गारठा गुडघ्यांना मानवायचा नाही.

मालवणच्या सिंधुदुर्गाबद्दल माझं मत घरात कुणाला पटत नाही. १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला किल्ला, आत शिवराजेश्वराचं मंदिर, खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. न पाहता यायचं म्हणजे पाप. तरी वहिनींनी आधी धक्क्यावर उभं राहून लोक होडीत कसे चढतात-उतरतात ते नीट बघावं. डुगडुगत्या होडीतून पाय टाकायचा क्षणच अवघड, आत गेल्यावर हळूहळू चालता येतं. लाटा असतील तर दुसरा दिवस घ्या. तुम्ही काय, दोन दिवसांच्या सहलीला आलेला नाहीत.

आता चालण्याचं, कारण दम्यालाही तेच हवं आणि गुडघ्यांनाही. मऊ, कोरड्या वाळूत पाय रुतले की गुडघा दुखणारच. ओली, घट्ट वाळू ओहोटीला मिळते. तेव्हा कालनिर्णयात तिथी बघायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी अकरा-बाराला असते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ओहोटी, पुळण डांबरी रस्त्यासारखी कडक. अष्टमीच्या सुमारास उलटं, ऐन फिरायच्या वेळी पाणी वर आलेलं. त्या दिवसांत वाळूचा नाद सोडून बंदराच्या रस्त्याने चाला. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे लक्षात आलं की घड्याळ आपोआप जमतं. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर थांबा. एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं लागतात, हात लावलात तर कधी चार तारल्या वाट्याला येतात. तुम्ही फक्त बघा, दोर ओढू नका.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. नोकरीच्या काळात तुम्ही दोघं दिवसाचे किती तास एकत्र होतात? तिथे दोन खोल्यांत चोवीस तास समोरासमोर असाल. सकाळी दहा ते बारा दोघांनी दोन वाटांनी जायचं. मी वेंगुर्ल्याच्या नगर वाचनालयात बसते. वाचनालय जुनं, शंभरी केव्हाच ओलांडलेलं. आमचे हे तिथल्या फळ संशोधन केंद्रात काजूची कलमं विचारत हिंडतात. केंद्र १९५७ चं, ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती तिथल्याच. ठाण्याच्या गॅलरीत काजू लागत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी विचारतात. दुपारी जेवताना मग दोघांकडे सांगायला काहीतरी असतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मालवणकडे महिनाभर राहिलो तर खायचं काय? सगळीकडे मासेच मासे.
— वाचक, नेरूळ

उत्तर : खायचं ते मासे सोडून सगळं. काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे, कुळथाची पिठी आणि भात, नीरफणसाची कापं, अळूचं फदफदं, शिरवळे आणि नारळाचा रस, खापरोळी. फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर ओल्या काजूगरांची उसळ, जी वाशीच्या बाजारात घ्यायला गेलात तर पाकीट हलकं होईल. अडचण पदार्थांची नाही, भांड्यांची आहे. हॉटेलात एकाच तव्यावर सुरमई आणि भाकरी भाजली जाते. तुम्हाला ते चालत नसेल तर भटाकडची किंवा मंदिराजवळची खानावळ विचारा, प्रत्येक गावात एखादी असतेच. ‘व्हेज थाळी’ मागवू नका, पनीर येईल.

प्रश्न : आंगणेवाडीच्या जत्रेला धरूनच मुक्काम ठेवावा का? आईचं वय ७४, तिला फार इच्छा आहे.
— वाचक, कळवा

उत्तर : भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, गावकरी देवीचा कौल घेऊन ठरवतात. ती जाहीर झाली की कोकणच्या गाड्या भरून जातात आणि आसपास झोपायला ओटीसुद्धा मिळत नाही. आईंना दर्शन घडवायचं असेल तर जत्रेच्या आधी किंवा नंतर एखाद्या साध्या दिवशी न्या. देवी तीच आहे, रांग नाही. जत्रेचीच हौस असेल तर कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावी लहान जत्रा सुरू होतात, रात्री दशावतार असतो. नाटक रात्री उशिरा रंगतं आणि पहाटेपर्यंत चालतं. थंडी वीस अंशांच्या खाली जाते, तेव्हा शाल, कानटोपी आणि घडीची खुर्ची घरून न्या. आईंना दुपारी झोपवून ठेवा. दशावतारातला राक्षस, संकासुर, एकदम पुढ्यात येऊन ओरडतो, हे त्यांना आधी सांगा.